अंबाझरीचा पूर आणि खुली आकडेवारी

समाजमाध्यमांवर नागरिक जे नोंदवतात आणि शासन स्वतःहून जी आकडेवारी खुली करते, ती दोन्ही शेजारी ठेवून वाचल्याखेरीज स्थानिक धोरणाला त्यांपैकी एकाचाही पुरेसा उपयोग होत नाही, हे नागपूरच्या २०२३ मधील पुरावरून स्पष्ट दिसते.

२३ सप्टेंबरच्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या वस्त्यांत शिरले. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपून प्रशासकाचा कारभार सुरू असल्याने गाऱ्हाणे ऐकायला प्रभागात नगरसेवक नव्हता, आणि मोबाइलवरच्या चित्रफितींना एरवीपेक्षा अधिक वजन आले. अशा चित्रफितीत पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीला टेकलेले दिसत असेल आणि ठिकाण व वेळ ठाऊक असेल, तर ती तक्रार न राहता मोजमाप ठरते. कारण पायरी पूर ओसरल्यावरही जागेवरच असते आणि तिची रस्त्यापासूनची उंची टेपने मोजता येते. मात्र तीच चित्रफीत दहा गटांतून फिरली की वेळ व ठिकाण गळून पडते. जकार्तात २०१४ पासून चाललेल्या पूर-नकाशाच्या उपक्रमाने यावर साधा तोडगा काढला: पुराचा उल्लेख करणाऱ्याला ट्विटरवरच उलट विचारून ठिकाणाची खात्री करून घेतली जाई.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नागपूरच्या लोकसंख्येचा एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा झोपडपट्टीत राहतो, आणि ज्या वस्तीचा आवाज समाजमाध्यमांवर उमटत नाही तिथे पाणी शिरलेच नाही, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. शासन स्वतः समाजमाध्यमांवर बोलके असले, तरी ही उणीव भरून निघत नाही. चांद्रयान-२ च्या संपर्क तुटलेल्या विक्रम लँडरला ‘सिग्नल तोडल्याचे चालान फाडणार नाही’ असे सांगणारा नागपूर पोलिसांचा २०१९ मधील विनोद देशभर गाजला. हजरजबाबीपणा हा गुण खराच, पण त्याने गटारांची रुंदी ठरत नाही.

ती ठरते खुल्या आकडेवारीने, म्हणजे संगणकाला थेट वाचता येईल आणि कोणालाही परवानगीविना वापरता येईल अशा तक्त्यांनी. सही-शिक्क्यासह स्कॅन केलेला कागद संकेतस्थळावर चढवला, तरी तो या व्याख्येत बसत नाही. पुरानंतर रहिवाशांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका करावी लागली. निदान माहितीसाठी तरी न्यायालयाची पायरी चढावी लागू नये, कारण माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने, कोणी मागण्याची वाट न पाहता माहिती प्रसिद्ध करण्याची जबाबदारी प्रशासनावरच टाकली आहे. तेव्हा अंबाझरीची रोजची जलपातळी, सांडव्याची वहनक्षमता, नाग नदीची पूररेषा आणि दहाही झोनमधील पावसाळी गटारांचे नकाशे महापालिकेने पावसाळ्यापूर्वी खुले करावेत, आणि प्रत्येक मोहल्ल्याने ते आपल्या दारातल्या पाण्याशी ताडून पाहावेत.