मोटारीची पेटी आणि आपला मिस्त्री



ज्या गावच्या उद्यमनगराने ऑइल इंजिने घडविली, त्या गावात मोटारदुरुस्तीवर बोलणे म्हणजे तालमीत जाऊन वस्तादाला डाव सांगण्यासारखे आहे. तरी हे धाडस करतो, कारण आज वस्तादालाच एक नवा डाव अडला आहे.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ आपण विसरलेलो नाही. पंचगंगेचे पाणी घरांत शिरले तसे दारातल्या गाड्यांतही शिरले. जुनी गाडी असती, तर मिस्त्रीने तेल बदलून, डायनॅमो वाळवून ती चालू केली असती. आजच्या गाडीत मात्र ईसीएम नावाची एक पेटी असते. इंजिनाला इंधन किती आणि केव्हा द्यायचे, हे ती सेन्सरांकडून खबर घेऊन क्षणोक्षणी ठरविते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले आणि दुचाकींतही ही पेटी सर्रास आली.

पेटी बिघडली तर दुसरी बसवावी, असे आपल्याला वाटते. पण नवी पेटी म्हणजे नवा कारकून. खुर्चीवर बसला म्हणून त्याला दप्तर कळत नाही. तिच्यात गाडीचा चासी नंबर लिहावा लागतो, किल्लीशी तिची ओळख करून द्यावी लागते, पुष्कळ डिझेल गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरचा संकेतांकही भरावा लागतो. हे चालू असताना बॅटरी उतरली, तर नवी पेटीही निकामी होऊ शकते.

म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पुरात सापडलेल्या गाडीची किल्ली फिरवू नका. आधी बॅटरीची वायर सोडवून घ्या. आणि पेटी बदलण्यापूर्वी बॅटरी, अर्थिंग, फ्यूज व गंजलेले कनेक्टर तपासायला सांगा. पुष्कळदा गुन्हा वायरीचा असतो आणि दंड आपल्या खिशाला बसतो.

पण खरा प्रश्न पुढेच आहे. पेटी बसविण्याचे कसब मिस्त्रीच्या हातात आहे; तिला शिकविण्याची विद्या मात्र कंपनीच्या कुलुपात आहे. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ मोटार कंपन्यांना दंड ठोठावला. त्याविरुद्ध कंपन्यांनी वरती दाद मागितली. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली.

कंपन्यांचे म्हणणेही अगदीच पोकळ नाही. कुलूप उघडे टाकले, तर चोराचे फावेल आणि किलोमीटरचा आकडा मागे फिरविणाऱ्याचेही. तेव्हा कुलूप असू द्यावे. पण रीतसर शिकलेल्या, नाव नोंदविलेल्या मिस्त्रीलाही त्याची एक किल्ली मिळावी.

आपल्या मिस्त्रींनी इंजिन उघडून विद्या मिळविली. ही पेटी उघडून विद्या मिळत नाही. ती मागावी लागते आणि शिकावी लागते. शिकण्याचे काम मिस्त्रीचे. मागण्याचे काम मात्र आपणा सर्वांचे, कारण गाडी आपली आहे.