क्वेसारच्या तीन खातेवह्या

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त सोनारी येथे केलेल्या भाषणातून)



चैत्रात भैरवनाथाच्या यात्रेहून रात्री परतताना वर पाहिलंत, तर चित्रा नक्षत्र चमकताना दिसेल. त्याच कन्या राशीत ‘थ्री-सी २७३’ आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. आठ इंची दुर्बिणीतून दिसतो, तोही साध्या चांदणीसारखा. पण ती चांदणी नव्हेच. तो आहे क्वेसार.

१९६२ मध्ये चंद्र त्याच्यासमोरून सरकला. त्याच्या रेडिओ लहरी नेमक्या कधी थांबल्या आणि कधी परत आल्या, हे ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या दुर्बिणीने टिपलं आणि त्याची अचूक जागा कळली. पुढच्याच वर्षी मार्टेन श्मिट यांनी त्याच्या प्रकाशाचा वर्णपट तपासला. हायड्रोजनच्या रेषा १६ टक्के लाल बाजूला सरकलेल्या! म्हणजे आज दिसणारा उजेड तिथून निघाला सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी. आत एक महाकाय कृष्णविवर आहे आणि त्यात पडणारा वायू तापून एवढा झळाळतो.

मी पडलो बँकेचा माणूस. एका वहीवर माझा विश्वास बसत नाही. इथे वह्या तीन. दृश्य प्रकाशात तापलेल्या वायूची चकती कळते, रेडिओत लांबवर फेकलेले झोत, आणि क्ष-किरणांत कृष्णविवराच्या अगदी उंबरठ्यावरची गडबड.

रेडिओची वही आपल्या महाराष्ट्रात लिहिली जाते. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या ३० तबकड्या आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. तिथे गेलात तर मोबाईल बंद ठेवावा लागतो, हे मला फार आवडतं! दृश्य प्रकाशासाठी पुणे जिल्ह्यातच गिरवलीला आयुकाची २ मीटरची दुर्बीण आहे. क्ष-किरण मात्र हवेतून खाली पोचत नाहीत, ते आपलं नशीबच. त्यासाठी २८ सप्टेंबर २०१५ रोजी भारताने ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रह सोडला. क्ष-किरण आणि अतिनील किरण तो एकाच वेळी पाहतो.

‘एकाच वेळी’ हे महत्त्वाचं. क्वेसारचं तेज सारखं कमीजास्त होतं. कॅशबुक सोमवारचं आणि लेजर शुक्रवारचं घेऊन ताळा लागेल का? शिवाय एका वहीत चढ आधी दिसला आणि तोच दुसरीत काही दिवसांनी उमटला, तर मधल्या दिवसांवरून त्या दोन जागांमधलं अंतर काढता येतं. कारण उजेडाचा वेग ठरलेला. तिथे मोजपट्टी कोण नेणार?

जाता जाता एक. गच्चीवरच्या हॅलोजनचा विषय सर्वसाधारण सभेत येणारच आहे. त्याला वरून झाकण लावून तोंड खाली करावं आणि रात्री दहानंतर तो बंद ठेवावा, अशी माझी सूचना आहे. झाकणाचा खर्च माझा. चैत्री अमावास्येला दुर्बीण गच्चीवर लावू. नातवंडांना आणा. गुडघेवाल्यांसाठी खुर्च्या ठेवतो.