मंद स्वरातला नाताळ

श्रोतेहो, मराठी, तेलुगू आणि गोंडी जेथे एकाच बाजारात कानी पडतात, त्या आदिलाबादेत परभाषेतल्या गाण्याचे कौतुक करण्यास संकोच कशाला? नाताळानिमित्त आज जिम रीव्ह्ज या अमेरिकन गायकाचे स्मरण करू.

१९२३ साली टेक्सासमधील एका खेड्यात तो जन्मला. व्हायचे होते बेसबॉलपटू; दुखापतीने तो मार्ग खुंटला आणि तो रेडिओवर निवेदक झाला. आरंभी ग्रामीण गायकांच्या रीतीने तो चढ्या स्वरात गाई. पुढे मात्र ध्वनिक्षेपकाशी ओठ नेऊन, कानगोष्ट करावी तसा गाऊ लागला. नाताळाच्या १२ गीतांची त्याची ध्वनिमुद्रिका १९६३ साली निघाली. तीत घंटांचा उल्हास आहे, तशीच जुन्या शुभेच्छापत्राने जागवलेली आठवणही आहे. त्यानंतर त्याच्या वाट्याला अवघा एक नाताळ आला. ३१ जुलै १९६४ रोजी तो स्वतः चालवीत असलेले विमान नॅशव्हिलजवळ वादळात कोसळले. भारतातील कितीतरी ख्रिस्ती घरांत मात्र दर डिसेंबरात तो स्वर आजही ऐकू येतो.

आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तुकोबांच्या अभंगाची वाट धरून ख्रिस्तभजने रचली. एकाने सूर मंद केला, दुसऱ्याने मायबोली जवळ केली. दोघांनीही भक्ती माणसाच्या कानाशी आणली. आज प्रत्येक सणाला कर्ण्यांची चढाओढ लागते. शेजारच्या आजाऱ्याचा आणि तान्ह्या मुलाचा विचार करून आपणही आवाज थोडा उतरवला, तर सण उणा होईल काय? मला वाटते, तो अधिक दूरवर पोहोचेल.