उपदेश नको, समुपदेशन हवे
(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील शिक्षक आणि कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणाच्या प्रश्नावर समाजवादी चळवळीने आजवर पुष्कळ झगडे दिले. शाळा गावात हवी, शिक्षक पूर्णवेळ हवा, फी परवडणारी हवी, वसतिगृहात पोटभर जेवण हवे, या मागण्यांसाठी मोर्चे निघाले, सत्याग्रह झाले. त्या मागण्या आजही संपलेल्या नाहीत. परंतु या साऱ्या धडपडीत एक गोष्ट मागे राहिली. शाळेच्या दारातून आत येणारे मूल मनात काय घेऊन येते, याची चौकशी कुणी करायची? ते काम कुणाचे, हा प्रश्न चळवळीच्या अजेंड्यावर क्वचितच आला. मनाचे प्रश्न ही शहरातील सुखवस्तू घरांची चैन आहे, असा एक समज कार्यकर्त्यांमध्येही आहे. तो समज किती खोटा आहे, हे पाहण्यासाठी जुन्नर आणि आंबेगाव हे दोनच तालुके पुरेसे आहेत.

या दोन तालुक्यांत दोन जगे शेजारी नांदतात. पश्चिमेला सह्याद्रीचा डोंगराळ पट्टा आहे. तेथे महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्यावस्त्या, भातखाचरे आणि हिरड्याची झाडे आहेत. पूर्वेला कुकडी आणि घोड नद्यांच्या पाण्यावर उभा राहिलेला ऊस, कांदा आणि टोमॅटो यांचा बागायती मुलूख आहे. डिंभे धरणाचे पाणी खाली गेले आणि वरचे मूळ आंबेगाव त्याच पाण्याखाली गेले. तालुक्याला नाव देणारे गाव बुडाले आणि नाव तेवढे उरले. ज्यांची जमीन बुडाली त्यांची नातवंडे आज आश्रमशाळांत शिकत आहेत. भाताची लावणी आटोपली की डोंगरातील माणसे मजुरीसाठी बागायती पट्ट्यात उतरतात. मुले आश्रमशाळेत राहतात. सहासात वर्षांचे मूल आईचा पदर सोडून शंभर-दोनशे मुलांच्या दालनात झोपायला शिकते. त्याची घरची बोली एक आणि पुस्तकाची मराठी दुसरी. ते वर्गात गप्प बसले की त्याच्या नावापुढे 'मंद' असा शेरा पडतो. वास्तविक ते मंद नसते, पोरके झालेले असते.

३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. २०१७ साली नव्या माळीणमधील घरे लोकांच्या ताब्यात आली. घरांचे पुनर्वसन शासनाच्या कागदावर मोजता येते. इतक्या चौरस फुटांचे घर, इतक्या रुंदीचा रस्ता, असा त्याचा हिशेब मांडता येतो. पण जोराचा पाऊस लागला की रात्री झोपू न शकणाऱ्या मुलाचे पुनर्वसन कोणत्या रकान्यात लिहायचे? डोंगरउतारावरच्या प्रत्येक वाडीत आषाढ-श्रावणात ही भीती मुक्कामाला येते, आणि दुसऱ्या दिवशी गृहपाठ झाला नाही म्हणून तेच मूल उभे राहते.

पूर्वेच्या बागायतीत भीतीचे रूप निराळे आहे. उसात बिबट्या राहू लागला त्याला दोन तपे उलटून गेली. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभे आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत दोन बालकांसह तिघांचे बळी गेले, आणि संतप्त लोक रस्त्यावर उतरले. पिंजऱ्यांची मागणी झाली, नुकसानभरपाईची झाली, आणि ती रास्तच होती. परंतु त्या आठवड्यांत पायवाटेने शाळेत येणाऱ्या मुलांशी त्या भीतीविषयी कोण बोलले? येथेही वर्गभेद विसरता येत नाही. पक्क्या घरातील मुलाला बिबट्याची भीती वाटते. दिवाळीनंतर बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतून येणाऱ्या ऊसतोड कामगाराचे मूल मात्र उसाच्या कडेलाच कोपीत झोपते आणि सकाळी अनोळखी शाळेत, अनोळखी वर्गात जाऊन बसते. चार महिन्यांनी पट्टा पडतो आणि ते निघून जाते. त्याला नावाने ओळखण्याइतका वेळही शाळेला मिळत नाही.

मग समुपदेशन म्हणजे काय? मराठीत हा शब्द घडवताना त्यात 'उपदेश' शिल्लक राहिला आणि सगळा घोटाळा तेथून सुरू झाला. शाळेत उपदेशाची टंचाई कधीच नव्हती. 'आईबाप राबतात, तू अभ्यास कर', 'रडायला काय झाले', 'घाबरतोस कशाला' ही वाक्ये प्रत्येक मुलाने ऐकलेली असतात, आणि ती ऐकून एकाही मुलाची भीती गेलेली नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली या कामाच्या मुळाशी असलेल्या अटी मांडल्या. त्यांतील तीन अटी शिक्षकाने विशेष ध्यानात घ्याव्यात. समोरच्याच्या जागी उभे राहून त्याचे दुःख समजून घेणे, त्याला कोणत्याही अटीवाचून स्वीकारणे आणि स्वतः खोटे न वागणे, अशा त्या आहेत. या तिन्ही अटींना पैसा लागत नाही, पण प्रशिक्षण निश्चित लागते. चांगले मन असले की ऐकता येते, ही समजूत चुकीची आहे. ऐकणे ही शिकण्याची विद्या आहे.

एक प्रसंग कल्पावा. दिवाळीच्या सुटीनंतर आश्रमशाळेतील सातवीचा मुलगा बारा दिवस उशिरा परततो. 'इतके दिवस कुठे उंडगत होतास?' असे विचारले तर उत्तर एकच मिळेल, खाली घातलेली मान. चौघांत विचारले तर ती मान आणखी खाली जाईल. तोच शिक्षक त्याला बाजूला बसवून म्हणाला, 'आलास, बरे झाले. घरी कसे चालले आहे?' आणि मग दोन मिनिटे गप्प राहिला, तर कदाचित समजेल की बाप आजारी होता, आई मजुरीवर गेली होती आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला तोच होता. हजेरीच्या दृष्टीने तो गुन्हेगार होता, घराच्या दृष्टीने तो कर्ता होता. दोन मिनिटांची ती शांतता सोसणे हे शिक्षकाला सर्वांत अवघड जाते, कारण वर्गात शांतता म्हणजे शिस्त आणि प्रश्नानंतरची शांतता म्हणजे अज्ञान, अशीच त्याची घडण झालेली असते.

यापुढचे दोन पाये तितकेच महत्त्वाचे आहेत. पहिला गुप्ततेचा. मुलाने सांगितलेली गोष्ट शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर चघळली गेली, तर ते मूल पुन्हा तोंड उघडणार नाही, आणि त्याच्याकडे पाहून इतरही उघडणार नाहीत. पण गुप्ततेला मर्यादा आहे, आणि ती मुलाला आधीच सांगितली पाहिजे. मुलाच्या जिवाला धोका असेल, किंवा त्याच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजले, तर गप्प राहणे हा विश्वास नव्हे. बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणासाठी २०१२ साली झालेल्या कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि न कळवणे शिक्षेस पात्र आहे. शाळेची अब्रू, गावाची अब्रू, संस्थेचे नाव या सबबी तेथे चालत नाहीत. दुसरा पाया स्वतःची मर्यादा ओळखण्याचा. शिक्षक डॉक्टर नाही. जे मूल आठवडेच्या आठवडे झोपत नाही, जेवत नाही, मरणाच्या गोष्टी करते, त्याला धीराचे दोन शब्द देऊन परत पाठवणे धोक्याचे आहे. त्याला तज्ज्ञापर्यंत नेऊन पोचवणे हेच तेथे समुपदेशन. मुलांसाठीचा १०९८ आणि मानसिक आरोग्याच्या मदतीचा १४४१६ हे दूरध्वनी क्रमांक प्रत्येक आश्रमशाळेच्या भिंतीवर लिहिलेले असावेत, आणि तेथून फोन करण्याची मुभाही मुलांना असावी.

ही मागणी नवी नाही. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने आणि १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शालेय मार्गदर्शनाचा आग्रह धरला होता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळावरही बंदी घातली. आणि २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे दिली. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता असावा आणि शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण मिळावे, असे त्यांत सांगितले आहे.

निर्णय स्वागतार्ह आहे. पण त्यातील शंभराचा आकडा या दोन तालुक्यांच्या चष्म्यातून पाहिला पाहिजे. मोठ्या आश्रमशाळांना तो लागू होतो आणि तेथे पद भरले गेले की नाही हे विचारण्याचा अधिकार पालकांना मिळतो. पण वाडीवरील जिल्हा परिषदेची शाळा पंधरावीस मुलांची असते. शंभरांहून कमी मुलांच्या संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी संलग्न राहावे, अशी तरतूद त्यांच्यासाठी आहे. शहरात संलग्नता म्हणजे एक रिक्षा, भीमाशंकरच्या खोऱ्यात ती एका बुडालेल्या मजुरीची आणि दोन एसट्यांची गोष्ट आहे. जेथे मूल सर्वांत एकटे, तेथे समुपदेशक सर्वांत दूर, हा न्याय उलटा आहे. म्हणून मागणी स्पष्ट असावी. लहान शाळांसाठी प्रत्येक केंद्राला एक पूर्णवेळ, कायम नेमणुकीचा समुपदेशक द्यावा, त्याचे फिरतीचे दिवस ठरलेले असावेत आणि शक्यतो तो त्या भागातील बोली जाणणारा असावा. आधीच मतदारयाद्यांपासून सर्वेक्षणापर्यंतची ओझी वाहणाऱ्या शिक्षकाच्या गळ्यात आणखी एक कोरा कागद बांधणे म्हणजे समुपदेशन नव्हे.

यावर चळवळीतूनच एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. मुलाचे दुःख धरणातून, मजुरीतून, पडलेल्या भावातून आलेले असेल, तर त्याला खोलीत बसवून समजूत घालणे म्हणजे अन्यायाशी जुळवून घ्यायला शिकवणे नव्हे काय? समुपदेशन तेवढ्यावर थांबले तर हा आक्षेप खरा ठरेल. पण एकाच शाळेतील वीस मुले निरनिराळ्या वेळी एकच गोष्ट सांगू लागली, रात्री दालनात दिवा नसतो, अमुक माणसाची भीती वाटते, आई कामावर गेली की घरी कुणी नसते, तर ती वीस दुःखे उरत नाहीत, एक सार्वजनिक प्रश्न उभा राहतो. मुलाचे नाव आणि गुपित त्याचेच राहील, पण समान कारण शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मांडले जाईल. या समितीत कायद्यानेच तीनचतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असतात. उद्या क्रांती होईल तेव्हा मुलाची भीती जाईल, असे सांगून आज रात्री रडणाऱ्या मुलाला थांबवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही चळवळीला नाही.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले तेव्हा प्राथमिक शाळांतील शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, असे सुचवले होते. असा शिक्षक त्या लोकांत मिसळेल आणि त्यांच्या गरजा व इच्छा अधिक चांगल्या समजू शकेल, हे त्याचे कारण. त्याच फुल्यांच्या सत्यशोधक विचाराला जुन्नर-ओतूरच्या शेतकऱ्यांनी साथ दिली होती. पुढे अमळनेरला छात्रालय सांभाळताना साने गुरुजींनी तेच केले. समुपदेशनाचा पाया परदेशी ग्रंथांत जितका आहे तितकाच तो येथे आहे.

कार्यकर्त्यांनी यापुढे आश्रमशाळेला भेट देताना धान्याची कोठी आणि स्वच्छतागृह अवश्य पाहावे. पण निघण्यापूर्वी अधीक्षकांना आणखी एक प्रश्न विचारावा : रात्री एखादे मूल घाबरून उठले, तर ते कुणाकडे जाते? त्या प्रश्नाला एका माणसाचे नाव उत्तर म्हणून मिळेपर्यंत हा लढा संपलेला नाही.