लेकीचं इंजिनिअरिंग कॉलेज : फॉर्म भरण्याआधी काय पाहावं?
(कम्युनिटी रेडिओवरील भाषण)

पेरणीचे दिवस आहेत, वावरातून आताच आल्या असाल. तरी थोडा वेळ रेडिओजवळ बसा. आपल्या गटांतल्या कितीतरी घरी यंदा सीईटी दिलेली पोरगी किंवा पोरगा आहे. मासिक बैठकीत बचतीचा हिशेब झाला की बाया एकच विचारतात, "ताई, पोरीले इंजिनिअरिंगले टाकायचं हाय, कोनतं कॉलेज चांगलं?"

एका कॉलेजचं नाव मी सांगणार नाही. कारण शेजारणीच्या पोरीला जे चांगलं, ते तुमच्या पोरीला चांगलं असेलच असं नाही. कसं पाहायचं, ते मात्र सांगते.

पहिली गोष्ट पैशाची आहे, आणि ती जुलैत नाही, आजच समजून घ्या. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाख किंवा त्यापेक्षा कमी असेल, तर ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन पूर्ण भरतं. अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांसाठी वेगळ्या योजना आहेत. पण यात एक अट आहे. प्रवेश सरकारी कॅप फेरीतूनच झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतली की ही माफी मिळत नाही.

हे मुद्दाम सांगते, कारण माझ्याकडच्या एका गटातल्या ताईचं काय झालं ते मी पाहिलं. निकालानंतर घरी एक माणूस आला. "सीटा भरून राह्यल्या, आज दहा हजार द्या, मुलीचा मूळ दाखला द्या," म्हणाला. ताईनं गटातून अंतर्गत कर्ज काढलं, पैसे दिले, दाखलाही दिला. पुढे कळलं की ती सीट कॅपमधली नव्हती. पोरीला चांगले मार्क होते, फेरीतून तिचा नंबर सहज लागला असता आणि फी माफ झाली असती. आता ती ताई दर महिन्याला हप्ता भरते, आणि पूर्ण फी भरते ते वेगळंच. तेव्हा बायांनो, दारावर येणाऱ्याला पाणी द्या, चहा द्या, मूळ कागद देऊ नका. कॉलेजनंही मूळ कागद अडवून ठेवायचे नाहीत, असाच नियम आहे.

दुसरी गोष्ट कागदांची. जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल. पडताळणीला सगळ्यात जास्त वेळ लागतो. पोरगी अकरावीत असतानाच अर्ज टाका. आजोबा-पणजोबांचा शाळेचा जुना दाखला शोधायला उन्हाळा पुरत नाही. बँकेचं खातं आधारला जोडलेलं ठेवा, शिष्यवृत्तीचे पैसे तिथंच येतात.

आता कॉलेज. आपल्या वऱ्हाडात पर्याय कमी नाहीत. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून आहे. बडनेऱ्याचं राम मेघे आणि शेगावचं संत गजानन महाराज अभियांत्रिकी, दोन्ही १९८३ ची. अकोल्याजवळ बाभूळगावला इंजिनिअरिंग कॉलेज आहे. आणि आपल्या गटांना माहीत असलेली पीकेव्ही मिनी दाल मिल ज्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं तयार केली, तिथं कृषी अभियांत्रिकीही शिकवतात. त्याचा प्रवेश मात्र कृषीच्या वेगळ्या फेरीतून होतो, फॉर्म वेगळा भरावा लागतो.

यातून निवडताना पाच प्रश्न वहीत लिहा.

एक, पोरीला कोणती शाखा आवडते? सगळे कॉम्प्युटर घेतात म्हणून घेऊ नका. तिला मोटारपंप उघडून पाहायला आवडत असेल, तर तसं बोलू द्या.

दोन, त्या शाखेला एनबीए मान्यता आहे का? एनबीए प्रत्येक शाखेला वेगळी असते. कॉलेजच्या फाटकावर पाटी असली तरी आपल्या शाखेचं विचारा.

तीन, नोकरी किती जणांना लागली? सगळ्यात मोठा पगार कोणाला मिळाला ते विचारू नका, तो एकाचाच असतो. साठ पोरांपैकी किती जण लागले आणि मधल्या पोराचा पगार किती, हे विचारा.

चार, एकूण खर्च किती? माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे. विकास शुल्क, होस्टेल, मेस, पुस्तकं, गाडीभाडं घरूनच जातं. चार वर्षांचा आकडा काढा. शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, तिची चौकशी करा.

पाच, जाणं-येणं. शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा हे सगळं एकाच रेल्वे लाइनवर आहे. मूर्तिजापूरची पोरगी दोन्हीकडे जाऊ शकते. पण गाडीची वेळ आणि कॉलेजची वेळ जुळते का, संध्याकाळी स्टेशनवरून गावात यायला एसटी आहे का, ते एकदा तिच्यासोबत जाऊन पाहा. तिथं गेल्यावर साहेबांना भेटण्याआधी दुसऱ्या वर्षाच्या दोन पोरींना भेटा. तास नियमित होतात का, होस्टेलला पाणी आहे का, त्या खरं सांगतात.

आता फॉर्मचं. कॉलेजांची यादी भरताना पोरी घाबरतात आणि "इथं नंबर लागेल" असं कॉलेज वर टाकतात. असं करू नका. सगळ्यात आवडतं ते एक नंबरवर, मग त्याखालचं. वरचं मोठं कॉलेज मिळालं नाही, तर खालच्याचा तुमचा हक्क जात नाही. नंबर मेरिटनंच लागतो. आणि पहिल्या फेरीत एक नंबरचं कॉलेज मिळालं, की ते बांधील होतं, पुढच्या फेरीत बदलता येत नाही. म्हणून एक नंबरवर तेच टाका जिथं पोरगी खरंच जाणार आहे. मागच्या वर्षी कोणत्या शाखेचं मेरिट कितीवर थांबलं, ते सीईटी सेलच्या संकेतस्थळावर फेरीनुसार मिळतं. मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव असतात, तेही पाहा.

सीईटीत कमी मार्क पडले तरी दार बंद नाही. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात जाता येतं. ज्यांची पोरगी यंदा दहावी झाली, त्यांनी हेही मनात ठेवा. यवतमाळला तर मुलींचं निवासी शासकीय तंत्रनिकेतन आहे.

शेवटी गटासाठी एक काम. पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. ज्यांची मुलं बारावीत आहेत त्यांची नावं लिहा, कोणाचा कोणता कागद बाकी आहे ते समोर लिहा. शिक्षणासाठी कर्ज मागणारीला विचारा, "प्रवेश कॅपमधून आहे काय?" पावती पाहूनच चेक द्या. शेळीसाठी कर्ज देताना आपण दहा प्रश्न विचारतो. पोरीच्या चार वर्षांसाठी एवढं विचारायला काय हरकत?

येते मी. लेकींना शुभेच्छा. नमस्कार.