डाग वेगळा, खड्डा वेगळा

दुपारची भांडी आवरून, कुणी निवडण घेऊन, कुणी शिवणाच्या मशीनवर बसून ऐकत असाल. आज बोलायचंय ते मुरमं गेल्यावर चेहऱ्यावर मागे राहणाऱ्या खुणांबद्दल. हसू नका. "वयात आलं की येतात, लग्न झालं की जातात," असं सांगून आपण मोकळ्या होतो. आणि पोरगी गुपचूप दुकानातून ट्यूब आणते.

माझ्या बहिणीच्या मुलीनं तेच केलं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. दोन्ही गालांवर मुरमं, त्यांचे काळे डाग. पाहुणे बघायला येणार म्हणून मैत्रिणीनं सांगितलेली ट्यूब तिनं मेडिकलमधून आणली, चिठ्ठी नाही की पावती नाही. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला की सगळ्यांनी कौतुक केलं. मीही केलं. मी 29 वर्षं नर्स म्हणून नोकरी केलेली बाई, आणि एकदाही विचारलं नाही की बाई गं, लावतेस तरी काय? ते मला अजून डाचतं.

पाच-सहा महिन्यांनी उन्हात गेली की तिचा चेहरा लालबुंद व्हायचा, आग आग व्हायची. ट्यूब थांबवली की मुरमं दुप्पट, लावली की शांत. हनुवटीवर लव वाढली. मग एक दिवस रडत म्हणाली, "मावशी, तू तरी बघ." चष्मा लावून ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली. मोमेटासोन. म्हणजे स्टेरॉइड.

हे औषध वाईट नाही. इसबासारख्या आजारात डॉक्टर ते मोजके दिवस देतात. पण गोरं व्हायला म्हणून महिनोन् महिने चेहऱ्यावर चोळलं, तर कातडी पातळ होते, आतल्या लाल शिरा दिसायला लागतात, मुरमं वाढतात. 2018 साली सरकारनं अशी बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी मिळतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. म्हणून नावं कानात ठेवा: मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन. यातलं एक जरी ट्यूबवर दिसलं, तरी ती डागांसाठी आपल्या मनानं लावायची नाही. आणि ज्या डबीवर आत काय आहे हे लिहिलेलंच नाही, ती तर हातातच घेऊ नका. गोरं करणाऱ्या काही क्रीममध्ये पारा सापडलेला आहे, आणि पारा मूत्रपिंड खराब करतो.

आता मूळ मुद्दा. आपण सगळ्यालाच "डाग" म्हणतो, तिथंच चुकतं. आरशासमोर खिडकीचा उजेड एका बाजूनं येईल अशा उभ्या राहा आणि त्या खुणेवरून बोट फिरवा. बोटाला गुळगुळीत लागलं, फक्त रंग काळपट आहे, तर तो डाग. बोट खाली गेलं, सावली पडली, तर तो खड्डा.

मुरूम सुजला की आपली गव्हाळ-सावळी कातडी तिथं जास्त रंग तयार करते. तो डाग. तो बहुतेक वेळा आपोआप फिकट होतो, पण त्याला काही महिने लागतात, कधी वर्षही जातं. ऊन लागलं की तो पुन्हा गडद होतो. म्हणून खुरपणीला, ऊसतोडीला जाताना पदर किंवा स्कार्फ तोंडावरून घ्या. जमलं तर एसपीएफ 30 लिहिलेलं सनस्क्रीन लावा. लिंबू, सोडा, टूथपेस्ट नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेलेल्या बाईचा गाल भाजल्यासारखा काळा पडलेला मी पाहिलाय.

खड्ड्याचं तसं नाही. मुरूम खोल पिकला की कातडीला आतून धरून ठेवणारे धागेच तुटतात. घराच्या भिंतीतली वीट निसटावी तसं. वरून कितीही लिंपलं तरी वीट परत येत नाही, म्हणून कुठलंही क्रीम खड्डा भरत नाही. जाहिरातीत काहीही दाखवू देत. त्यासाठी कातडीच्या डॉक्टरांकडे सुयांचे, लेसरचे, बारीक टोकदार खड्ड्यात थेंबभर औषध सोडायचे असे उपाय असतात. खड्डा कसा आहे त्यावरून उपाय ठरतो. काही आठवड्यांच्या अंतरानं बऱ्याच खेपा कराव्या लागतात, आणि खड्डे उथळ होतात, पुसले जात नाहीत. हे आधीच विचारून घ्या, पैशाचंही विचारून घ्या. सावळ्या कातडीवर लेसर जास्त जोरात मारला तर नवे काळे डाग पडू शकतात. मोबाइलवर बघून सुयांचा रोलर मागवून घरी फिरवणाऱ्या मुलींना हात जोडून सांगते, जंतू आत जातात, करू नका.

कुणाकुणाला खड्ड्याऐवजी गाठ उठते, विशेषतः जबड्यावर, खांद्यावर, छातीवर. ती खाजते, वाढते. तीही डॉक्टरांना दाखवा, गाठीत इंजेक्शन देऊन बसवता येते.

पण खरं काम खड्डा पडायच्या आधीचं. मुरूम फोडायचं नाही. केसांचं तेल कपाळावर उतरू द्यायचं नाही. आणि दुखरे, मोठे, पू भरलेले मुरूम असतील तर लग्नाची वाट न बघता मुलीला घेऊन जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या त्वचा विभागात जायचं. पाळी अनियमित आहे, हनुवटीवर राठ केसही येतायत, तर तेही डॉक्टरांना सांगायचं, कारण मूळ अंडाशयाशी असू शकतं. एक मात्र विसरू नका. मुरमांची काही औषधं गरोदरपणात चालत नाहीत. आयसोट्रेटिनॉइन नावाची गोळी तर बाळात व्यंग आणते. दिवस गेले असतील, राहायची शक्यता असेल, तर लाजू नका, डॉक्टरांना आधी सांगा.

आमच्या मुलीचा चेहरा निवायला वर्षाच्या वर गेलं. उजव्या गालावर चार-पाच खड्डे राहिले. पाहुण्यांचं पुढं काही झालं नाही, तिनं डी.एड. केलं, आता शाळेत शिकवते. पावडर लावत नाही.

तुमच्यापैकी कुणी आज अशी ट्यूब वापरत असेल, तर घाबरून ती उकिरड्यावर फेकू नका. एकदम बंद केली की चेहरा भडकतो, आणि मग हात पुन्हा त्याच ट्यूबकडे जातो. ती खोक्यासकट पिशवीत घाला आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. किती महिने लावली ते खरं सांगा. ती कशी सोडायची ते डॉक्टर सांगतील.