जुनी डिझेल गाडी आणि दिघीची धूळ

(दिघी येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिवचरित्र, संतसाहित्य, गुंतवणूक आणि हृदयविकार यांच्या रांगेत एअर फिल्टर हा विषय बसवणारे संयोजक धाडसी म्हटले पाहिजेत. पण दिघीत तो चालेल, असं त्यांना वाटलं असावं. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी टेल्कोत, बजाजमध्ये, फोर्समध्ये किंवा भोसरी एमआयडीसीतल्या त्यांच्या एखाद्या व्हेंडरकडे नोकरी केली असेल. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या दारात आजही एखादी जुनी डिझेल गाडी उभी आहे. १९९४ साली सुमो आली, १९९८च्या अखेरीस इंडिका. दोन्ही आपल्याच पट्ट्यातल्या. पंधरा वर्षं उलटली, आरसी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली, पर्यावरण कर भरला, आणि गाडी अजून चालते आहे. अशा गाडीचा मालक सर्व्हिसिंगला गेला की एक प्रश्न ठरलेला: "फिल्टर कंपनीचा टाकू की बाहेरचा?"

या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर देणारा माणूस एक तर विक्रेता असतो, नाही तर घाईत असतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. खोक्यावर कोणाचं नाव आहे ही गोष्ट तिसऱ्या क्रमांकाची. पहिली गोष्ट, फिल्टरला वळसा घालून हवा आत जाते आहे का. दुसरी, आतला कागद आणि त्याची रबरी कड कशी आहे. ही दोन उत्तरं मिळाली की नावाचा वाद आपोआप लहान होतो.

थोडा हिशोब करू. सुमोचं मूळ इंजिन दोन लिटरचं, नेमकं सांगायचं तर १९४८ सीसी. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा हवा आत येते. म्हणजे मिनिटाला २५०० फेऱ्यांवर, सिलिंडर दर वेळी पुरता भरत नाही हे धरून, ते इंजिन दर मिनिटाला सुमारे दोन हजार लिटर हवा ओढतं. पेट्रोल गाडीत पाय उचलला की थ्रॉटल मिटतो आणि हवा कमी होते. जुन्या डिझेलला थ्रॉटलच नाही. पायाखाली कमी-जास्त होतं ते फक्त डिझेल. हवा मात्र पूर्ण घशाने आत जात राहते, उतारावरसुद्धा. एका लिटर डिझेलमागे ढोबळमानाने वीस हजार लिटर हवा, असं धरा.

आता ही हवा कुठली? मॅगझिन चौकातून आळंदीकडे जाणाऱ्या रस्त्याची. मोशीच्या खाणींवरून येणारी. चाकण-शिक्रापूर रस्त्यावर पुढच्या ट्रेलरच्या चाकांखालून उठणारी. आपल्याकडची धूळ बहुतांशी बसाल्टची, म्हणजे काळ्या कातळाची. तिच्यात फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन ही खनिजं. जगभर फिल्टर तपासायला जी प्रमाणित धूळ वापरतात ती मूळची अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाची, क्वार्ट्झने भरलेली. क्वार्ट्झ मोहस् मापावर ७, आपली खनिजं ६च्या आसपास. किंचित मऊ, पण लायनरच्या ओतीव लोखंडाला ओरखडायला पुरेशी. त्यातही मोठा खडा फारसा घातक नाही. तो कुठे ना कुठे अडकतो. वाईट असतात ते पाच ते वीस मायक्रॉनचे कण. पिस्टनरिंग आणि लायनर यांच्यामधल्या ऑइलच्या थराची जाडी साधारण याच मापातली. कण त्या थरात शिरतो आणि दोन्ही बाजू घासत राहतो. काही वर्षांनी मेकॅनिक ऑइलची कॅप काढतो, धूर पाहतो आणि म्हणतो, "बॅक कॉम्प्रेशन मारतंय," म्हणजे सिलिंडरमधला वायू रिंगांवरून खाली गळतोय. तोपर्यंत गाडी ऑइल खायला लागलेली असते, आणि धूळ कधी शिरली हे कोणाला आठवत नसतं.

इथे सैन्यातली मंडळीही बसली आहेत. दिघी म्हटलं की संरक्षण संशोधनाची आर अँड डी ई आणि लष्कराचं एआयटी आलंच. त्यांना हे नवं नाही. २००१ साली ब्रिटनने ओमानच्या वाळवंटात मोठा युद्धसराव केला. त्यांच्या सरकारी लेखापरीक्षकांच्या पुढच्या वर्षीच्या अहवालात नोंद आहे की चॅलेंजर-२ रणगाड्यांचे एअर फिल्टर काही वेळा चार तासांतच चोंदले. फिल्टर वाईट नव्हते. युरोपातल्या धुळीचा अंदाज धरून आणलेली तयारी ओमानच्या धुळीपुढे तोकडी पडली. आपल्या गाडीच्या पुस्तकात फिल्टर बदलायचा जो किलोमीटरचा आकडा छापलेला असतो, तोही असाच कुठल्या तरी सरासरी रस्त्याचा असतो. चाकणला रोज जाणाऱ्याने तो निम्मा धरावा.

आता फिल्टर काम कसं करतो ते पाहू, कारण इथे बहुतेकांची समजूत उलटी असते. एअर फिल्टर म्हणजे चहाची गाळणी नव्हे. कागदाची छिद्रं अडवलेल्या अनेक कणांपेक्षा मोठी असतात. हवा तंतूंमधून वळणं घेत जाते, जड कणाला ते वळण घेता येत नाही, तो तंतूवर आदळून चिकटतो. मग त्या कणांचा थर बसतो आणि तो थरच पुढचे कण अडवू लागतो. म्हणून कोराकरकरीत फिल्टर सुरुवातीला थोडी जास्त धूळ सोडतो आणि मळल्यावर अधिक चांगला अडवतो, अर्थात हवा ओढायला जड जाईपर्यंत. काही ट्रकवर आणि जड यंत्रांवर तेवढ्यासाठी इंडिकेटर असतो. ओढ ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की लाल पट्टी दिसते. गाड्यांवर सहसा नसतो.

यावरूनच गॅरेजमधली एक सवय किती महागात पडते ते कळेल. "साहेब, नवा कशाला, हवा मारून देतो." हे अगदी प्रेमाने, बहुधा फुकट केलं जातं. गॅरेजच्या कॉम्प्रेसरचा दाब सहा-सात किलोच्या घरात. नोझल कागदाला टेकवलं की तंतू फाटतात, घडीच्या टोकाशी बारीक भोक पडतं. ते डोळ्याला दिसत नाही. गोल फिल्टरच्या आत अंधारात टॉर्च लावली तर दिसू शकतं. शिवाय बसलेला थर उडून गेला की फिल्टर पुन्हा पहिल्या दिवशीच्या कमजोर अवस्थेत. चोंदलेल्या फिल्टरने पिकअप जातो, धूर वाढतो. भोकाच्या फिल्टरने इंजिन जातं. दोघांतून निवडायचंच झालं तर मी मळका निवडीन.

आता मूळ प्रश्न. कंपनीचा फिल्टर म्हणजे काय? गाडी बनवणारा कारखाना सहसा फिल्टर बनवत नाही. तो बनवतो फिल्टरवाला, आणि त्यातले काही आपल्या पुण्याच्याच परिसरात आहेत. गाडीच्या कंपनीच्या नावाच्या खोक्यात येतो तो एक माल. अनेकदा तोच फिल्टरवाला त्याच गाडीसाठी स्वतःच्या नावाच्या खोक्यातही माल विकतो. तो तंतोतंत तसाच असेल असं नाही, पण कागद, रेझिन आणि साचा यांची शिस्त तीच. तिसरा प्रकार, फिल्टर बनवणाऱ्या दुसऱ्या नामांकित कंपनीचा. चौथा 'लोकल', आणि पाचवा सर्वांत वाईट, पहिल्याचंच खोकं नकली छापलेला. पुण्याच्या नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत पाचही मिळू शकतात आणि काउंटरवरून ते सारखेच दिसतात. म्हणून 'बाहेरचा' या एकाच शब्दाखाली चांगला आणि घातक माल एकत्र कोंबला जातो, आणि मग वाद मिटत नाही.

हातात घेऊन काय पाहायचं? घड्या मोजा. त्याच मापाच्या फिल्टरमध्ये घड्या कमी म्हणजे कागद कमी, म्हणजे लवकर चोंदणार. घड्या एकमेकींना चिकटलेल्या किंवा वाकड्या नकोत. दोन घड्यांमधलं अंतर सारखं हवं. कागद रेझिनने ताठ झालेला हवा. पावसाळ्यात दमट हवेने मऊ पडणारा कागद ओढीखाली बसतो. आणि कड. पॉलियुरेथेनची कड दाबून सोडली की लगेच परत फुगली पाहिजे, जोडावर फट नको. स्वस्त फिल्टरचा खरा घोटाळा माझ्या मते कागदात नाही, कडेत आहे. दोन मिलिमीटर बसकी कड असली की झाकण क्लिपने बसतं, सगळं ठीक दिसतं, आणि हवा कडेवरून सरळ आत.

टक्केवारीचा खेळही समजून घ्या. आयएसओ ५०११ या चाचणीत चांगला कागदी फिल्टर ९९.५ टक्क्यांच्या वर धूळ अडवतो. कोणी ९७ टक्के म्हटलं तर वाटतं, अडीच टक्क्यांचा काय तो फरक! पण इंजिनाला अडलेल्या धुळीशी देणंघेणं नाही, आत आलेल्याशी आहे. समजा घनमीटरला एक मिलिग्रॅम धूळ, आणि वर्षाकाठी तीनशे तास आपली सुमो त्यातून धावली. फिल्टरपर्यंत पोचली ३६ ग्रॅम. पहिल्यातून आत गेली ०.१८ ग्रॅम, दुसऱ्यातून १.०८ ग्रॅम. सहा पट.

म्हणूनच धुऊन पुन्हा वापरायच्या, तेल लावलेल्या सुती फिल्टरबद्दल मी उत्साही नाही. तरुण मंडळी ते हौसेने लावतात. हवा मोकळी येते हे खरं, पण मोकळेपणा मिळतो तो सहसा बारीक कण जास्त सोडूनच. आणि जुन्या डिझेलला त्याचा उपयोग काय? पहिल्या इंडिकासारख्या गाडीत मायको पंप यांत्रिक. किती हवा आली हे त्याला कळतच नाही. पाय दाबाल तेवढं डिझेल तो देतो. हवा कमी पडली तर न जळलेलं डिझेल काळा धूर होऊन बाहेर, आणि पीयूसीच्या धूरमापकावर ६५ एचएसयूच्या मर्यादेत राहणं कठीण. पण चांगला, न चोंदलेला कागदी फिल्टर हवा कमी पडू देत नाही, मग त्याहून मोकळा फिल्टर लावून वाढणार काय? कॉमन रेल गाड्यांत उलट संकट: फिल्टरला तेल जास्त झालं तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर किंवा पटलावर बसतं आणि संगणक चुकीचं माप वाचतो.

जीप आणि ट्रॅक्टरवाल्यांसाठी दोन शब्द. तुमच्याकडे ऑइल बाथ, म्हणजे ऑइलमध्ये धूळ अडवणारा फिल्टर, असेल. कागदाइतका तो अडवत नाही, पण फाटतही नाही. खूण असते तेवढंच ऑइल भरा. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं, आणि डिझेल इंजिन ऑइलवरही चालतं. चावी बंद केली तरी थांबत नाही, फेऱ्या वाढतच जातात. ज्यांनी हे पाहिलंय ते पुन्हा खुणेच्या वर जात नाहीत.

मग मी स्वतः काय टाकतो? गाडीच्या कंपनीचा फिल्टर खात्रीच्या दुकानात मिळाला तर तो. पण वीस वर्षांच्या मॉडेलला तो महिनोन् महिने मिळत नाही, किंवा गोदामात पडून कड कडक झालेला मिळतो. तेव्हा नामांकित फिल्टर कंपनीचा ताजा माल मी बिनदिक्कत घेतो. बिल घेतो, आणि जुना फिल्टर शेजारी ठेवून उंची मोजतो.

आणि फिल्टर कोणताही असो, एक तपासणी घरी करा. फिल्टरच्या बॉक्सपासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी सोडवा. जुन्या गाडीत तिच्या घड्यांमध्ये चिरा पडतात. वरून दिसत नाहीत, ताणल्यावर दिसतात. बॉक्सच्या क्लिपा चारही आहेत का बघा, बहुधा एक तुटलेली असते आणि तारेने बांधलेली असते. मग नळीच्या आतून, साफ बाजूने, पांढरं फडकं फिरवा. तेलकट काळेपणा आला तर बहुधा इंजिनातली ऑइलची वाफ नळीत सोडणाऱ्या ब्रीदरचा, त्याने घाबरू नका. कोरडी, करकरीत, मातकट धूळ आली तर आधी नळी आणि क्लिपा बदला, दोन आठवडे गाडी चालवा आणि पुन्हा फडकं फिरवा. तरीही धूळ आली, तरच फिल्टर घेऊन दुकानदाराशी भांडायला जा.